म्हणणे ऐकून घेऊन

किल्लीवाल्या मावशींच्या टपरीवर कागद चिकटवला गेला तो मंगळवारी सकाळी. चिकटवणाऱ्या शिपायाने जाता जाता त्यांच्याकडूनच कपाटाची एक किल्ली करून घेतली. माणूस निर्लज्ज नव्हता, फक्त घाईत होता. "सात दिवसांत टपरी हलवायची आहे," एवढं सांगून तो गेला.

मावशींची पाचावर धारण बसली. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्या चार फुटी पत्र्याच्या खोक्यात बसून त्यांनी कानस चालवली होती. मुलाचं शिक्षण, त्याचं लग्न, सगळं त्या कानशीवर झालं होतं. परवाना होता, तोही भिंतीवर टांगलेला. टपरी दुसरीकडे नेली, तर दाराबाहेर अडकलेला माणूस त्यांना शोधणार कुठे? किल्लीवाली नेहमीच्या जागी नसली की नसल्यातच जमा.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," संध्याकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "आणि कचेरी म्हणजे कोर्टाची धाकटी बहीण. बळी तो कान पिळी. आपण गुपचूप दुसरी जागा बघू."

सून जरा वकिली जिभेची होती. सासूसुनांचं पटायचं ते त्यामुळेच आणि बिनसायचं तेही त्यामुळेच. मावशींना अक्षर जेमतेम लागायचं, म्हणून कागद तिनेच वाचायला घेतला होता, आणि आता ती तो दुसऱ्यांदा वाचत होती.

"आई, तुम्ही साहेबांना कधी भेटलात?"

"मी कशाला भेटू?"

"मग हे काय? 'टपरीधारकाचे म्हणणे ऐकून घेऊन व सर्व बाबींचा विचार करून आदेश देण्यात येतो.' तुमचं म्हणणं ऐकलंय म्हणे त्यांनी."

"माझं? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

आणि मावशींना राग आला. टपरी जाणार याचं त्यांना दुःख होतं, पण आपण न बोललेलं कुणीतरी ऐकून मोकळं झालं, हे काही त्यांना गिळवेना. रागाचं एक बरं असतं, तो माणसाला घरातून बाहेर काढतो.

दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. साहेब तरुण होते. टेबलावर फायलींचे दोन मनोरे आणि मधल्या फटीतून साहेब. सुनेने ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी ती वाचली, परत वाचली आणि घंटी वाजवली.

टंकलेखिका बाई आल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्मा साखळीला लटकणारा.

"ही ओळ कुणी घातली?" साहेबांनी विचारलं.

"नेहमीचीच आहे, साहेब. जुना आदेश उघडायचा, नाव-पत्ता बदलायचा, बाकीचं तसंच राहतं." बाईंचा चेहरा उतरला. "तुमच्या मसुद्यात नव्हती ती. हाताच्या सवयीने राहून गेली."

"मग काढून टाका. दुसरा छापून आणा, मी सही करतो."

साहेबांच्या लेखी विषय संपला होता. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. इतका वेळ मावशींना वाटत होतं, कायदा साहेबांच्या खुर्चीत बसतो. आता तो या बाईंच्या दोन हातांत आला होता.

"जावक क्रमांक पडलाय, साहेब," बाई म्हणाल्या. "वहीत चढलाय. गेलेल्या आदेशातली ओळ मला काढता येत नाही. एक तर आदेश रद्द करावा लागेल, नाही तर ओळ खरी करावी लागेल."

"खरी करायची म्हणजे?"

"म्हणजे ऐकावं लागेल."

आता तिघींची काही धडगत नाही, असं मावशींना वाटलं. साहेबांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसा. काय म्हणणं आहे तुमचं?"

टपरीशेजारीच दवाखाना होता, आणि चाकांच्या खुर्च्यांना तिथून वाट मिळत नाही अशी तक्रार आली होती. मावशींनी ती नाकारली नाही.

"वाट आजाऱ्यांची आहे, त्यात दुमत नाही. पण साहेब, आडवी टपरी येत नाही, टपरीचं दार येतं. ते बाहेर उघडतं आणि दिवसभर उघडंच असतं. बिजागऱ्या दुसऱ्या अंगाला लावल्या की दार पत्र्याला चिकटून राहतं आणि तीन फूट मोकळे होतात. त्या मी स्वतः लावीन, हात त्याच कामात गेलेत माझे."

"मग आजवर का नाही लावल्या?"

"कुणी म्हटलंच नाही. म्हटलं ते एकदम टपरीच हलवा म्हणून."

साहेब हसले नाहीत, पण उठले. भर उन्हात टपरीपर्यंत चालत येऊन त्यांनी स्वतः टेप धरली. "नकाशात दार दिसत नाही," ते पुटपुटले. पुढच्या सोमवारी पहिला आदेश रद्द झाला, आणि दार फिरवून टपरी तिथेच ठेवायचा दुसरा निघाला.

मावशींचं मन भरून आलं होतं, आणि ते कुठेतरी रितं केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्या पुन्हा कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "माझे कसले आभार? मी नियमाप्रमाणे केलं." तोच नियम गेल्या आठवड्यात ऊठ म्हणत होता, हे मावशींच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि हात जोडले. कारण ऊन खरं होतं, आणि तो माणूस त्यात चालला होता.

मग त्या बाईंच्या टेबलापाशी गेल्या. "ताई, तुमच्या चुकीचे फार उपकार झाले."

"त्या चुकीचा मेमो मिळालाय मला. निष्काळजीपणा म्हणून." मावशींचा चेहरा पडलेला बघून बाई हसल्या. "असू द्या हो. एकतीस वर्षं ती ओळ छापतेय मी. कुणाचंही काही ऐकलेलं नसायचं, आणि ते मला माहीत असायचं. तुम्ही ती वाचून आत आलात, म्हणून एकदा तरी खरी झाली. आभार मीच मानायला हवेत."

"वाचली माझ्या सुनेने," मावशी म्हणाल्या. हे श्रेय त्यांनी सुनेला अजून तोंडावर दिलेलं नव्हतं.

"आता ती ओळ आली की मी हात थांबवते. विचारते, साहेब, ऐकलंत का? ते चिडतात. मग म्हणतात, बोलवा."

मावशी बाहेर आल्या. साहेबांच्या दाराशी, बाकावर तीन माणसं आपापला कागद हातात धरून बसली होती, म्हणणं सांगायला.