रिकाम्या हातांतलं पुस्तक

वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. मुलाने नवं पुस्तक वाचलं की त्याच्या नावापुढे एक चांदणी चिकटायची. कुणाच्या नावापुढे चौदा चांदण्या, कुणाच्या बावीस. एका मुलाच्या तर तक्त्यात मावेनात म्हणून बाहेर भिंतीवर चिकटवलेल्या. आणि साळुंकीच्या नावापुढे एक. एकुलती एक.

"वाचत नाही असं नाही हं," पालकसभेत वर्गशिक्षिका साळुंकीच्या आईला सांभाळून म्हणाल्या. "पण तेच ते वाचते. दीपगृहाचं ते जुनं पुस्तक. वाचलेलंच परत वाचलं तर आम्ही चांदणी देत नाही. नाहीतर सगळेच तसं करतील."

मागच्या बाकावरून कुणाचे तरी वडील पुटपुटले, "आई छापखान्यात प्रुफं तपासते म्हणे. दिव्याखाली अंधार!"

साळुंकीच्या आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"किती वेळा वाचलंस ते पुस्तक?"

"एकोणीस," साळुंकी म्हणाली. वय वर्षं दहा. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू, म्हणून घरात तिला साळुंकी म्हणत.

"मग शेवट पाठ असेल."

"आहे ना."

"मग कशाला वाचतेस?"

"शेवट माहीत आहे म्हणूनच तर! आता वाटेत कुठंही थांबता येतं."

"बघा, उत्तर तयार!" आई नवऱ्याकडे वळली.

तो आरशासमोर दाढी करत होता. "अगं, मी बारा वर्षं दाढी करताना एकच गाणं म्हणतोय. मला कुठं कोण काही म्हणतं?"

"म्हणतो आम्ही. तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यावर हसणं झालं खरं, पण आईच्या मनातून तो तक्ता जाईना. गेल्या वाढदिवसाला घेतलेले ज्ञानकोशाचे आठ खंड वेष्टनातच होते, आणि ही दहा वर्षांची घोडी आईच्या माहेरच्या ट्रंकेतून काढलेलं, पाठ फाटलेलं पुस्तक उराशी घेऊन बसायची! त्याच रात्री तिने फळीवरची जुनी सहा पुस्तकं पिशवीत भरली. दीपगृहाचंही. एकही उघडून पाहिलं नाही. सकाळी ती पिशवी तिने छापखान्याच्या मागच्या दारी, कागदाच्या कात्रणांच्या पोत्यात रिकामी केली. बुधवारी गाडी आली, पोती घेऊन गेली. त्या कागदाचा पुढे लगदा होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने पाठ फिरवली आणि कामाला लागली.

"माझी पुस्तकं कुठायत?" साळुंकीने विचारलं.

"गरजू मुलांना दिली."

साळुंकी रडली नाही. हट्ट नाही, आदळआपट नाही. फळीच्या रिकाम्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग बोलायचीच थांबली. विचारलं तर हो, नाही. बस्स. घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. इतकी वर्षं ते घड्याळ वाजतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस. साळुंकीची शाळाही अर्धी. ती किल्लीने दार उघडून आत यायची आणि आई येईपर्यंत एकटी असायची. त्या शनिवारी आई अडीच वाजता दाराशी पोचली. किल्ली लावणार तोच आतून आवाज आला.

पान उलटल्याचा.

वीस वर्षं कागदात काढलेली बाई ती. वहीचं पान कसं वाजतं, वर्तमानपत्राचं कसं, गुळगुळीत मासिकाचं कसं, डोळे मिटून सांगेल. हा आवाज जाड, कोरड्या, जुन्या कागदाचा होता. तसा कागद आता घरात राहिला नव्हता.

तिने किल्ली फिरवून दार ढकललं. खिडकीखाली, उन्हाच्या चौकोनात साळुंकी मांडी घालून बसली होती. दोन्ही तळहात समोर उघडे धरलेले. हातांत काहीही नाही. आणि तिचे डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, ओळीओळीने सरकत होते. उजवा हात उचलला गेला, चिमटीत काहीतरी धरलं, अलगद उलटलं.

आणि आवाज आला.

"काय... काय करतेस गं?"

"वाचतेय. थांब, पान संपू दे."

आई दोन पावलं पुढे गेली. तिच्या हातांवर हात ठेवावा म्हणून वाकली. साळुंकीने मान वर न करता कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, सरक ना. सावली पडतेय तुझी. अक्षरं दिसत नाहीत."

भर दुपारी आईच्या अंगावर सरसरून काटा आला. ती सरकली. हो, सरकली! दहा वर्षांच्या पोरीच्या रिकाम्या तळहातांवरून तिने आपली सावली बाजूला घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

सोमवारी छापखान्यात तिचं लक्ष लागेना. प्रुफं तपासायला दोघं बसत. तिचे जोडीदार, सगळे ज्यांना वाचकाका म्हणत, ते लेखकाची मूळप्रत मोठ्याने वाचत, आणि ती छापलेल्या मजकुरावर पेन्सिल फिरवत जाई. काका या खोलीत चाळीस वर्षं बसत होते, आणि बोलतानाही त्यांचा स्वर वाचल्यासारखाच असायचा.

"बाई, तीन चुका सुटल्या तुमच्या हातून," काका थांबले. "तुमच्या! सूर्य कुठे उगवला आज?"

तिने सगळं सांगितलं. पुस्तकं कुठे टाकली तेही. काकांनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टरला दाखवू का तिला?" तिने विचारलं.

"आधी मला सांगा, तुम्ही कधी एखादं पुस्तक दुसऱ्यांदा वाचलंयत?"

"मला कुठे वेळ आहे? आणि एकदा तपासून 'छापावे' अशी सही केली की पुन्हा बघायचं नाही, हा माझा नियम आहे."

"तो प्रुफांचा नियम हो! तुम्ही तो पुस्तकांना लावलात, तिथं गाडं अडलं. माणूस पहिल्यांदा वाचतो तेव्हा पुढे काय होतं याच्यामागे धावत असतो. धावणाऱ्याला रस्त्यातली माणसं दिसतात का? दुसऱ्यांदा तो चालत जातो. तेव्हा कुठे कोण दारात उभं होतं ते दिसतं. लहानपणी मी एक गोष्ट वाचली होती. त्यातला म्हातारा मला राक्षस वाटायचा. तिशीत वाचली तेव्हा त्याची कीव आली. आता वाचायला घेतो, तर तो म्हातारा पानातून माझ्याकडे बघतो, आणि म्हणतो, आलास? बस."

"घाबरवताय का मला?"

"जुन्या पुस्तकाला घाबरू नका. जो कधीच मागे वळून बघत नाही, त्याला घाबरा." काका उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातून धूळ झटकत त्यांनी एक पुस्तक काढलं. "इथं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक नोंदप्रत ठेवतात. हे घ्या तुमचं दीपगृह. याची पानं तुमच्या आईनं शिवलीत, बांधणी खात्यात होत्या तेव्हा. माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. पण आपल्या आईचा विषय निघाला की ती नेहमी कामात डोकं घालायची. आताही तिने पेन्सिल उचलली.

"सही करा आणि घरी न्या," काका म्हणाले. "रोज माझ्यासमोर बसता तशा लेकीसमोर बसा. ती वाचेल, तुम्ही ताडून बघा. मग ठरवा, डॉक्टर कुणाला हवा ते."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. साळुंकी खिडकीखालीच होती. आई समोर बसली, नोंदप्रत मांडीवर उघडली आणि म्हणाली, "मोठ्याने वाच."

साळुंकीने तळहात उघडले.

गोष्ट साधी होती. समुद्रातल्या खडकावर दीपगृह. तिथं एक आई आणि तिची मुलगी. दिव्याचं तेल संपत येतं. आई मुलीला दिव्यापाशी बसवते आणि तेल आणायला होडी घेऊन किनाऱ्याकडे निघते. मग धुकं उतरतं.

आईची पेन्सिल ओळीखालून सरकू लागली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नोंदप्रतीचं पान जिथं संपे, नेमकं तिथंच समोरचा हात उलटे, आणि तो कोरडा आवाज येई. कधी तिच्या पुस्तकाचा, कधी समोरून. काही वेळाने कुठला कुणाचा हे तिला कळेनासं झालं.

एकेचाळिसाव्या पानावर होडी निघाली. परिच्छेद संपला. पण साळुंकी थांबली नाही.

"'आई तिला एकटीला टाकून का गेली? ही आई वाईट आहे.'"

"थांब!" आईची पेन्सिल अडली. "मजकूर जास्त आहे. हे इथे नाही."

"आहे की. बाजूला. पेन्सिलीनं लिहिलंय."

आईच्या हातातून पेन्सिल गळाली.

आई स्वतः नऊ वर्षांची होती तेव्हा. तिची आई छापखान्यात दुसऱ्या पाळीला जायची. दाराला बाहेरून कडी. एकटं घर, अंधारत चाललेली खिडकी, आणि हे पुस्तक. रागाने पेन्सिल दाबून दाबून तिने तो प्रश्न लिहिला होता आणि पुस्तक ट्रंकेत फेकून दिलं होतं. पुन्हा कधी म्हणून उघडलं नव्हतं. आईशी ती नंतर भांडली नाही. पण मनातली अढी गेली नाही. आई गेली त्या दिवशी सगळं घर रडलं, हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

"पुढे वाचू?" साळुंकीने विचारलं. "खाली शाईनं उत्तर आहे."

"उत्तर?"

"हो. वेगळ्या अक्षरात. 'चित्र नीट बघ, बाळा. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं. ती गेली, पण सगळा वेळ मुलीकडेच बघत गेली.'"

आईने नोंदप्रतीतलं चित्र डोळ्यांजवळ नेलं. खडक, दीपगृह, लाटा, एवढीशी होडी. होडीतली बाई किनाऱ्याकडे निघाली होती, पण तिची पाठ होती किनाऱ्याकडे. तोंड खडकाकडे! दीपगृहाच्या खिडकीकडे! नऊ वर्षांच्या मुलीने चित्र पाहिलं होतं, पण घाईत. पुढे काय होतं ते बघायला ती पान उलटून गेली होती.

"आणखी आहे," साळुंकी म्हणाली. "शेवटची ओळ. 'परत वाचशील तेव्हा तुला दिसेल.'"

पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं ते उत्तर ट्रंकेत पडून होतं, कुणीतरी दुसऱ्यांदा उघडेल म्हणून. आणि जिच्यासाठी ते लिहिलं, तिनेच आपल्या हाताने ते कात्रणांच्या पोत्यात टाकलं होतं. तिच्या आईचं ते अक्षर आता जगात कुठेही नव्हतं. होतं ते या पोरीच्या दोन रिकाम्या तळहातांत.

"कुणी लिहिलंय, ठाऊक आहे तुला?"

"नाही. एक मुलगी विचारते आणि एक बाई सांगते." साळुंकीने खांदे उडवले. "मला आपलं वाटायचं, तू आणि मी."

आईला रडू फुटलं. स्वतःच्या आईच्या जाण्याचं राहिलेलं सगळं रडू त्या खिडकीखाली बाहेर पडलं. साळुंकी घाबरली नाही. तिने फक्त हात थोडे मागे घेतले, पान भिजू नये म्हणून.

"मी खोटं बोलले गं," आई म्हणाली. "तुझी पुस्तकं कुणाला दिली नाहीत. मी ती टाकली. लगदा झाला त्यांचा."

"माहीत आहे मला. गरजू मुलांना फाटकी पुस्तकं कोण देतं?" मग पूर्वीसारखा पट्टा सुटला, "पण असं नाही टाकायचं आई, मला विचारायचं तरी, तुझी प्रुफं मी टाकली तर चालेल का, आणि ते आठ खंड तर उघडताच येत नाहीत, केवढे जड..."

आईने डोळे पुसले, नोंदप्रतीचं पहिलं पान उघडलं आणि म्हणाली, "पुन्हा वाच. पहिल्यापासून."

आणि पुन्हा तो कोरडा आवाज आला. तो कुठून येतो हे आईला आजही माहीत नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

त्या आठवड्यात ती शाळेत गेली. "बाई, चांदण्या नव्या पुस्तकांना द्या, जरूर द्या," तिने सांगितलं. "पण एखादं मूल परत वाचायला गेलं, तर 'या वेळी नवीन काय दिसलं' एवढं तरी त्याला विचारा." वर्गशिक्षिकांनी मान डोलावली. तक्ता अजून तिथंच आहे, पण आता हा प्रश्न विचारला जातो.

आपण सगळेच शहाणे, आपल्याही घरात पोरांना हटकतो, "झालं ना वाचून? मग ठेव बाजूला." पाहुण्यांसमोर मुलांनी किती पुस्तकं वाचली याचा आकडा सांगतो, आणि जी खऱ्या अर्थाने वाचली ती रद्दीत घालतो. बाबांनो, असं करू नका! बालपणी आवडलेलं पुस्तक विशीत वाचा, तिशीत वाचा, केस पिकल्यावर वाचा. पुस्तकाचं अक्षर बदलत नाही, पण आपण बदललेले असतो, आणि पहिल्या वेळी ज्याच्यावरून डोळे घसरून गेले ते समोर येऊन उभं राहतं. निदान टाकण्याआधी एकदा, फक्त एकदा, उघडून बघा. लहानपणी आपण रागाने काहीतरी विचारून निघून गेलेलो असतो. आपल्या माघारी कुणीतरी, दमूनभागून कामावरून आल्यावर, त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं असेल.