वाढणारं तेल

अण्णांच्या छोट्या पेट्रोल ट्रॅक्टरचा इंधनपंप गेला तेव्हा बापलेकीत चांगलीच जुंपली होती. जुना पंप मेकॅनिकल. इंजिन फिरलं की आतली दांडी ढकलली जायची आणि पंप टकटक करत कार्बोरेटरला पेट्रोल पुरवायचा. तसा पंप कुठेच मिळेना, म्हणून लेकीने ती जागा पत्र्याने बंद करून व्हॅक्यूम पंप बसवला. त्याला दांडी नाही. इंजिनच्या पोटातला दाब कमीजास्त होतो, तो एका नळीतून येऊन पंपातला रबरी पडदा हलवतो. अण्णांनी त्याला 'फुंकर' असं नाव ठेवलं आणि महिनाभर तोंड वाकडं केलं.

लेक स्वतः गॅरेज चालवते. तिने बजावून सांगितलं होतं, की पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीने इंजिनच्या तेलात उतरेल, म्हणून रोज तेल मोजायची पट्टी काढून तेलाचा वास घ्यायचा. यावर अण्णा रुसले. तेलाचा वास घ्यायला तिला शिकवलं कोणी? लहानपणी तिचे डोळे फडक्याने बांधून, नाकाशी चिंध्या धरून, रॉकेल कुठलं नि डिझेल कुठलं हे त्यांनीच तर घोकून घेतलं होतं.

पुढच्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा अण्णा शेडमध्ये होते. फळीवर स्टोव्ह, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची तयारी. स्वारी खुशीत होती. तुझी फुंकर गुणाची निघाली म्हणाले. पूर्वी इंजिन तेल प्यायचं, आता पट्टीवर तेल उलट वाढतंच. जास्तीचं काढून डब्यात ठेवतो, बिजागऱ्यांना होतं.

लेकीला आधी हसू आलं. मग तिची नजर डबा शोधू लागली. तेल कधी वाढत नाही.

डबा स्टोव्हच्या शेजारीच होता, झाकण उघडं. अण्णांनी काडेपेटी उचलली. तिने ती हिसकावूनच घेतली, इतक्या जोरात की काड्या जमिनीवर सांडल्या. एवढा संताप तिला बापाचा कधीच आला नव्हता.

"अण्णा, रोज वास घेत होता ना तुम्ही?"

"घेतो की. आजही घेतला."

तिने डबा बाहेर उजेडात नेला. पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने डबा त्यांच्या नाकाखाली धरला. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला. मग ते तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले, उत्तर तिथे लिहिलेलं असावं तसे.

"तेलच आहे," ते म्हणाले.

ती बघतच राहिली. ज्या नाकाने तिला धंदा शिकवला, त्या नाकाला काहीच कळत नव्हतं. ती डबा खाली ठेवून पायरीवर बसली.

अण्णाही शेजारी बसले. मागच्या तापात गेला वास, म्हणाले, परत येईल वाटलं होतं. तुझी आई झाकण काढून विचारते, कसा घमघमाट सुटलाय, आणि मी म्हणतो, वा. तिला सांगू नको.

लेकीला आईचं गेल्या आठवड्यातलं बोलणं आठवत होतं. आई देवाच्या कृपेने लवकर घरी आली होती म्हणे. शेगडी विझलेली, गॅस तसाच चालू, आणि अण्णा तिथेच आरामात पेपर वाचत बसलेले. त्या दोघी तेव्हा त्यांच्या विसरभोळेपणाला हसल्या होत्या.

"तुमच्या जुन्या पंपासारखा पंप मी कुठूनही शोधून आणते," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या बुडाला भोक आहे. आतला पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकतं, डोळ्यांना दिसतं."

"म्हणजे मी जिंकलो," अण्णा म्हणाले. पण त्यांना हसता आलं नाही.

तिने सांडलेल्या काड्या एकेक वेचून खिशात घातल्या. मग घराकडे तोंड करून आईला हाक मारली.