दहीभात आणि सकाळची गोळी

अभिराम गुबगुबीत दिसायला लागला तेव्हा नेरूळच्या आमच्या सोसायटीत माझं फार कौतुक झालं. "काय घालता हो खायला?" मी नुसती हसायची. ते गाल स्टेरॉइडचे होते. पाच वर्षांच्या माझ्या लेकाच्या लघवीतून प्रथिनं जात होती, डोळे सुजायचे. म्हणून दोन महिने रोज सकाळी न्याहारीनंतर प्रेडनिसोलोन. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या गालांना बाळसं समजून दृष्ट काढत बसायच्या.

डॉक्टर राजलक्ष्मींनी पहिल्याच दिवशी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि त्यांवर दोन टोप्या. "या ग्रंथी. अशाच जातीचं औषध शरीर इथे स्वतः बनवतं. रोगाशी लढणाऱ्या पहारेकऱ्यांना ते आवरून धरतं. याचे पहारेकरी घरातल्यांवरच उठलेत, म्हणून आपण बाहेरून जास्त देतोय. पण मग खरा चोर शिरला तरी ते पटकन उठत नाहीत. कांजिण्यांपासून जपा."

नेमक्या समोरच्या मोनालीला कांजिण्या आल्या. आठ दिवस मी दार लावून घेतलं, तिच्या आईशी, जयमालावहिनींशी, खिडकीतून बोलले. नवव्या दिवशी भाजी घेऊन आले, तर अभिरामच्या ओठाला दही.

"कुठे गेला होता हा?"

"मोनालीकडं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीला न्हाऊ घातलं, देवीला निरोप म्हणून पाच पोरांना दहीभात व्हता. देवीच्या जेवणाला न्हाई म्हणायचं?"

मी तशीच समोर धावले. मोनालीच्या कानामागे अजून दोन फोड ओले होते.

"अगं, उंबऱ्यातच उभी राहिलीस, ये की आत," वहिनी म्हणाल्या. मी तिथूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी दिलीच नाही. पहारेकरी झोपलेत ना, मग झोपेचं औषध थांबवावं, असा माझा बी.एड. झालेला हिशेब. नवरा तळोज्याला पहिल्या पाळीला गेला होता. मी अभिरामला आणि आत्याबाईंना घेऊन दवाखाना गाठला.

"आजची गोळी दिलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. म्हटलं, प्रतिकारशक्ती परत येईल."

"आधी द्या." त्यांनी स्वतः बिस्किट आणि पाणी पुढे केलं. "बाहेरून आयतं मिळतंय म्हणून त्याच्या ग्रंथी काम सोडून बसल्यात. एकदम बंद केलंत आणि ताप आला, तर अंगात तग धरायला काहीच उरणार नाही. ही हळूहळूच कमी करतात, बाई. आता सांगा, याला आधी कांजिण्या झाल्यात?"

"नाही," मी म्हणाले.

आत्याबाईंनी पदर सावरला. "झाल्यात."

"कधी?" मी वळून विचारलं.

"दीड वर्साचा व्हता. तू हितं परीक्षेला, पोरगं गावाला माझ्यापाशी. अंगभर फोड. कळवलं असतं तर पेपर टाकून आली असतीस. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. म्हणून तर काल धाडला. एकदा येऊन गेलेली देवी परत कशाला येतीया?"

डॉक्टरांनी त्याचा शर्ट वर केला. खांद्याखाली दोन गोल, उथळ खड्डे. त्याच्या अंगावरचा तीळन् तीळ मला पाठ. हे मात्र मी डासांचे वण समजत होते.

"ओळखीचा चोर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहारेकऱ्यांनी त्याला पाहिलेलं आहे. बहुतेक सुटलात. तरी तीन आठवडे अंग तपासा. एक फोड दिसला तरी लगेच या, औषध सुरू करू. आणि गोळी चुकवायची नाही."

रिक्षात मला रागावायचं होतं. पण छातीवरचं ओझं उतरलेल्या माणसाला धड रागावताही येत नाही. "आणखी काय काय लपवलंय, आत्याबाई?"

"लई हाय," त्या म्हणाल्या. "एकदा पाळण्यातनं बी पडलाय." मग माझा चेहरा बघून, "गादीवर गं!"

तीन आठवडे रोज आंघोळीच्या वेळी आम्ही दोघी त्याला उजेडात फिरवून फिरवून बघत होतो. काही आलं नाही. बाविसाव्या दिवसानंतर मला नीट झोप लागली.

आता आत्याबाई मला सगळं सांगतात. दुपारी दोनदा शिंकला. अर्धं केळं टाकलं. जिन्यात कोंडिबा वॉचमनशी भांडला. हे सगळं कशाला सांगता, असं मी एकदाही म्हणत नाही.