चौथ्या रांगेतलं उत्तर

घोडपदेवच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत रोज सकाळी रेडिओ म्हणायचा, "नमस्कार, मी रमाकांत सामंत." आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या जाईबाई म्हणायच्या, "जय भीम. बसा, चहा ठेवते."

चहा एकाच कपाचा असायचा.

लहानपणी गावाला आई गोष्ट सांगायची, तेव्हा हुंकार दिल्याशिवाय ती पुढं सरकायची नाही. तेव्हापासूनची ही खोड. माणूस बोलतंय आणि आपण गप्प, हे जाईबाईंना जमायचंच नाही. सामंतांना सर्दी झाली की आवाजावरून त्यांना कळायचं, आणि मग चहात आलं जरा जास्त पडायचं.

नवरा सीताराम जाऊन दोन वर्षं झाली होती. चाळीच्या जागी टॉवर होणार म्हणून एकेक बिऱ्हाड उठत होतं. शेजारची शेवंती दिवाळीत बदलापूरला गेली, त्या दिवशी जाईबाईंच्या ओठांवर आपसूक ओवी आली:

शेजीच्या दाराला गं, लागलं बाई कुलूप
बोलाया बसले मी, चारी भिंती बाई चूप

शेवंती गेल्याचं, रेडिओशी बोलण्याचं लेकीला मात्र काही ठाऊक नव्हतं. सीमा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, खारघरला नवरा आणि मुलगा नील यांच्यासोबत राहायची. "शेवंतीमावशी आहे म्हणून तुला तिथं ठेवलंय," ती म्हणायची, "नाहीतर कधीच उचलून आणलं असतं." खारघरला जाईबाई आठवडाभर राहून आल्या होत्या. सकाळी सगळे कामावर जायचे आणि अकराव्या मजल्यावरचं दार आपोआप लागायचं. तिथलं एकटेपण परक्या घरचं, पाहुण्यासारखं अंग चोरून सोसायचं. इथलं निदान आपलं होतं, त्यात पाय पसरून बसता यायचं. म्हणून फोनवर शेवंती अजून शेजारीच होती. कधी तिनं वडे पाठवलेले असायचे, कधी तिचे गुडघे दुखत असायचे.

त्या शनिवारी दुपारी दादरच्या एका सभागृहात चर्चा होती: देशाच्या रेडिओचा आणि टीव्हीचा खर्च कुणी उचलायचा? बोलणाऱ्यांत सीमा होती. तिनं आईला मुद्दाम बोलावून चौथ्या रांगेत, पंख्याखाली बसवलं. लेकीचं नाव फलकावर बघून जाईबाईंनी पदर सारखा केला.

सीमा छान बोलली. "सरकार पैसा देतं, म्हणून सरकारचं ऐकावं लागतं. जाहिराती घेतल्या तर साबणवाल्याचं. मग ऐकणाऱ्यांनीच वर्गणी द्यावी आणि मालक व्हावं. पण ऐकणारे उरलेत किती? माझ्या ओळखीत तरी कुणी नाही."

"मंडळाला देतो तशी वर्गणी का, मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं. "मग नाचायला पण पाहिजे."

सभागृह हसलं, सीमाही हसली. हसण्याच्या त्या लाटेत, जेवण नुकतंच झालेलं, वर पंखा, जाईबाईंचे डोळे मिटले.

आणि कानाशी तो आवाज आला. "नमस्कार, मी रमाकांत सामंत."

"जय भीम," जाईबाई मोठ्यानं म्हणाल्या. "बसा, चहा ठेवते."

सभागृहात पुन्हा हशा पिकला. जाईबाईंनी डोळे उघडले. समोर एक बारीकसा, टक्कल पडलेला माणूस माइकपाशी उभा होता. इतकी वर्षं आवाज ओळखीचा आणि चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. त्याच्या पलीकडे सीमा. ती हसत नव्हती.

"आजी, रोज ऐकता वाटतं आम्हाला?" सामंत हरखून म्हणाले. कुणीतरी माइक आणून जाईबाईंच्या हातात दिला.

खरं बोलावं तर लेकीचं म्हणणं चारचौघांत खोटं पडणार, आणि आपण एकट्या आहोत हे कळून खोलीही हातची जाणार.

"नाय हो," त्या म्हणाल्या. "शेजारीण लावते तिच्या घरात. भिंतीतनं येतं ऐकू."

सामंतांचा चेहरा जरासा उतरला. ते आपल्या मुद्द्याकडे वळले. वर्गणीवर चालवायचं तर वर्गणी न देणाऱ्याशी बोलायचं कुणी, हा खर्च रस्त्याच्या दिव्यासारखा सगळ्यांनी मिळून करायला हवा, असं काहीबाही. पुढं पुन्हा सीमाची पाळी आली तेव्हा ती दोनदा अडखळली आणि लवकर खाली बसली.

जिन्यात तिनं आईला गाठलं. "शेवंतीमावशीकडं रेडिओ नाहीये. मला माहितीये."

"हं," म्हणत जाईबाई कठडा धरून उतरत राहिल्या.

"आई, मी तुझ्याशी बोलतेय."

"गेली ती. दिवाळीतच."

"आणि तू मला वडे सांगत होतीस?"

"वडे व्हायचे तिचे चांगले."

"हसू नकोस. सामान बांध. उद्या रविवार, न्यायला येते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बोललं आणि जाईबाईंनी हुंकार दिला नाही. सीमा बसस्टॉपपर्यंत आली, बस सुटेपर्यंत उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी दिवा लावला, भात टाकला, रेडिओ लावला. तेवढ्यात फोन वाजला.

"घरी पोचले मी," सीमा म्हणाली. "इथं पण कुणी नाहीये गं. नील क्लासला गेलाय, ह्यांना उशीर आहे. चावी फिरवून आत आले आणि मला कळलं, तुला आणून मी ह्या सोफ्यावर बसवणार होते."

"मग?"

"उद्या येते. न्यायला नाही, राहायला. बघू मग."

"ये. भाकऱ्या करते."

"मागं काय लागलंय?"

"थांब, बारीक करते."

"नको. राहू दे चालू."

रेडिओवर कोळ्यांसाठी समुद्राचं हवामान सांगत होते. वारा कुठल्या दिशेनं, लाटा किती उंच, होड्या न्याव्यात की नाही. जाईबाईंनी फोन रेडिओच्या जवळ, फळीवर ठेवला आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसल्या. एवढ्या मोठ्या दर्याची खबर त्या लहानशा खोलीत येत राहिली. हवामान संपलं, कुठलंसं वाद्य वाजू लागलं.

फोनमधून काहीच येत नव्हतं. सीमा ऐकतेय की तिनं मघाशीच ठेवून दिलाय, ते उचलून बघितलं असतं तर कळलं असतं. जाईबाईंनी उचलून बघितलं नाही.