चौथा भोंगा

"हा चौथा भोंगा कुठं बघतोय?" सुरक्षा अधिकाऱ्याने खालून विचारले.

काका शिडीवर होते. "भिंतीकडं, साहेब. त्या कोपऱ्यात कुणी बसलं तर त्यांना ऐकू जायला नको?"

कोपऱ्यात कुणी बसणार नव्हते. तिथे फक्त तुरुंगाची भिंत होती आणि भिंतीच्या आत काकांची मुलगी होती.

काकांनी उभे आयुष्य सभांना माइक-भोंगे लावून दुसऱ्यांच्या आवाजाची हमाली केली. स्वतः चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. माइकवर त्यांचे स्वतःचे असे वाक्य एकच. मुलगी लहान असताना ते तिला मैदानाच्या पार टोकाला उभी करायचे आणि इकडून विचारायचे, "चिमे, ऐकू येतंय का?" आवाज पोचला की ती दोन्ही हात वर करायची. पुढे ती मोठी झाली, नर्स झाली, पण काकांचे टेस्टिंग त्याच वाक्याने होत राहिले. धंद्यातले लोक हसायचे. हसोत बापडे.

मग हॉस्पिटलने कामावरून काढलेल्या आयांसाठी ती फाटकाबाहेर उभी राहून बोलली, तेही काकांच्याच माइकवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरातून नेले. नव्या सुरक्षा कायद्यात कारण सांगावे लागत नाही, भेट द्यावी लागत नाही, वकिलाला नुसते 'थांबा' म्हटले तरी भागते. काकांनी सगळीकडचे उंबरे झिजवले. परवा तर तुरुंगाच्या फाटकावरच्या बाईंनी तिच्या कपड्यांची पिशवीसुद्धा परत केली.

आणि आज तुरुंगाला लागूनच्या या मैदानावर नागरी स्वातंत्र्याचा सरकारी समारंभ. काम मोठ्या ठेकेदाराचे, काका त्याचे रोजंदार. शिडीवर कुणाचा बाप चढलाय हे बघायला कुणाला वेळ होता? निघताना बायको म्हणाली होती, "अहो, जास्त काही नको. नुसती हाक मारा. आपण आहोत बाहेर, एवढं कळू दे तिला."

"फिरवा तो आत," अधिकारी म्हणाला.

मंत्र्यांचे सचिव शेजारून चालले होते, ते थांबले. "राहू द्या हो. आतल्यांनीही ऐकावं की. स्वातंत्र्य काय फक्त बाहेरच्यांनाच आहे?" आपल्याच विनोदावर ते खूश झाले.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्या माणसाचे पाय धरावेत असे त्यांना वाटले आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

"टेस्टिंग फक्त एक, दोन, तीन," अधिकाऱ्याने बजावले. "दुसरं काही बोलायचं तर मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो."

"चारपर्यंत मोजलं तर चालेल का?" ठेकेदाराच्या माणसाने विचारले. अधिकारी हसला नाही.

काकांनी खाली उतरून माइक तोंडाशी धरला. "हॅलो. एक. दोन." पुढचा आकडा त्यांनी गाळला. "चिमे, ऐकू येतंय का? चिमे, आई..."

अधिकाऱ्याने माइक हिसकावून घेतला. "चिमी कोण?"

"टेस्टिंगचा शब्द आहे, साहेब. जुनी सवय."

पोटच्या पोरीला शब्द म्हणून आपण मोकळे झालो, हे काकांच्या फार जिव्हारी लागले. पण हाक गेली होती. भोंगा सरळ भिंतीकडे होता. आजच्या दिवसाला तेवढे पुरे होते.

मंत्री बराच वेळ बोलले. या देशात बोलल्याबद्दल कुणालाही डांबलेले नाही, प्रत्येक नागरिकाचा आवाज हे सरकार जिवापाड जपते, असे त्यांनी टाळ्यांच्या गजरात सांगितले. चौथा भोंगा निदान आता तरी बंद करावा म्हणून काकांचा हात बटणाकडे गेला. अधिकारी पाठीशीच उभा होता. हात परत मांडीवर आला.

मैदान रिकामे झाल्यावर काका वायर गुंडाळत होते. फाटकावरच्या बाई ड्युटी संपवून निघाल्या, तसे ते पुढे झाले. "बाई, सकाळी आम्ही माइक लावला, तेव्हा आत काही ऐकू आलं का?"

बाईंनी त्यांना ओळखले. इकडे तिकडे बघून त्या म्हणाल्या, "सकाळी सगळ्यांना मागच्या इमारतीत कोंडलं होतं, मंत्री येणार म्हणून. तिथं काहीच येत नाही."

"काहीच नाही?"

"भाषणाला मात्र अंगणात आणलं. रांगेत बसवलं. भोंग्याच्या दिशेला तोंड करून ऐकायचं, असा हुकूमच होता." त्या निघाल्या आणि पुन्हा वळल्या. "तुमची मुलगी बरी आहे. पण भाषण सुरू झालं, तसं तिनं एकदम दोन्ही हात वर केले. का, ते काही सांगेना. गोंधळ घातला म्हणून लिहून घेतलंय. आता भेटीचं आणखी लांबेल, काका."

काकांनी मान हलवली. चौथा भोंगा उतरवायला ते शिडी चढले. भिंतीपलीकडचे वरूनही काही दिसत नव्हते, नुसते पत्रे होते. आपणही दोन्ही हात वर करावेत असे त्यांना फार वाटले. पण हातांत भोंगा होता, तो जड होता, आणि खालून ठेकेदाराचा माणूस म्हणत होता, "आटपा काका, टेम्पो थांबलाय."