महाराजांच्या गणपतीचे डोळे

पेणच्या कमळाकरशेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे काढायची ती नमिता. एक-दोन नव्हे, एकोणीस वर्षं. अंगाचा रंग कुणीही मारावा, दागिने कुणीही रंगवावेत, पण शेवटची डोळ्यांची आखणी तिचीच. आणि आषाढात एका सकाळी शेठनी तिच्या हातात पॉलिश पेपर ठेवला.

"आजपासून घासकामाला बस गो. डोळे नको."

"का? हात थरथरतो माझा?"

"हात नाय. विशालला जाऊन सहाच महिने झालेत. रोह्याचे महाराज म्हणाले, विधवेनं काढलेले डोळे अशुभ. वर्षभर तरी नको."

"आणि सहा महिने काढले ते?"

"ते गेले मुंबईला. कुणाला माहीत नाय."

घ्या! नवरा गेला कंपनीत, चालू शिफ्टमध्ये, छातीत कळ येऊन. आणि अशुभ कोण, तर ही! शेठनी महाराजांना गुरू केल्यापासून कारखान्यात नुसता अगरबत्तीचा धूर. पांढरा रंग पिवळट पडतो म्हणून कारागीर बोंबलायचे, पण ऐकतो कोण?

नमिता जानीशेजारी जाऊन बसली. जानी निडीच्या कातकरवाडीवरची. रोज गाडीनं पेणला यायची आणि मूर्ती घासून गुळगुळीत करायची. दुपारी भाकरी सोडली तेव्हा कुठं नमिताला कंठ फुटला.

"जाने, विशाल गेल्यापासून मी देवापुढं एकदापण हात जोडले नाय. जोडावेसेच वाटत नाय. पण डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरते ना, तेवढ्यात सगळं गप होतं. रडूपण गप होतं. तेवढीच जागा होती गो मला. तीपण नेली मेल्यांनी!"

जानी भाकरी चावत राहिली. मग म्हणाली, "माझे दोन नवरे गेले. इथल्या सगळ्या गणपतींना माझा हात लागलेला हाय. मला कुणी इचारलं नाय, अशुभ हाय का म्हणून. घासणारी कोण बघतो?"

नमिताला हे कधी सुचलंच नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मूर्तीच्या पाठीलापण कोण बघत नाय," जानी म्हणाली. "तरी मी घासते. बोटाला खरखरीत लागलं की तिथंच मन राहतं, दुसरीकडं जात नाय. मला तेवढा देव पुरतो. पण तुझा त्या रेघेत हाय ना? मग पेपर घेऊन गुमान इथं काय बसलीस?"

चौथ्या दिवशी महाराजांच्या मठाचा गणपती रंगून तयार झाला. डोळे बघायला महाराज स्वतः येणार होते. शेठच्या मुलानं, ऋत्विकनं, सकाळपासून तीनदा डोळे काढले, तीनदा पुसले. एक बुबुळ पनवेलला बघायचं, दुसरं नागोठण्याला. शेवटी शेठ घाम पुसत नमिताकडं आले.

"मूर्ती मागच्या खोलीत नेतो. कडी लावून काढ. ऋत्विकनं काढले म्हणून सांगू."

नमिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हात चालतो, फक्त बाई दिसायला नको!

"काढते," ती उठली. "पण इथंच. दारासमोर."

"अगो, महाराज येतील!"

"येऊ देत की."

तिनं स्टूल ओढलं, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. तेवढ्यात गाडी वाजली. महाराज चार शिष्यांसह आत आले आणि थबकले.

"ही कोण?"

शेठनी ऋत्विकला पुढं ढकललं.

"विशालची विधवा," नमिताच म्हणाली. "मीच ती अशुभ. डोळे उघडते आता याचे. बघवत नसेल तर महाराज, तुम्ही तुमचे मिटून घ्या."

शेठ ब्रश हिसकायला झेपावले. पण जानी पांढऱ्या हातांनी मध्ये उभी राहिली.

"शेठ, मागं व्हा. तिला धक्का लागंल."

शेठ मागं झाले. महाराजपण झाले.