जबडा हातात असल्याशिवाय सर्व्हरला हात लावू नये

सकाळी नऊ वाजता सर्व्हरने ताईला दारातूनच हाकलून लावलं. पडद्यावर एक चौकट आली. तिचा अर्थ एवढाच, की तुमच्याकडे परवाना नाही, निघा. ताईने परत पासवर्ड टाकला. परत निघा. तिसऱ्यांदा टाकत होती तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली. हाक रोजचीच होती, चौकट मात्र नवी.

ताई एका कवळ्यांच्या कारखान्यात ऑर्डरी घ्यायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे. ताई ती सर्व्हरवर चढवायची: कोणाला वरची कवळी, कोणाला खालची, दातांचा रंग कोणता, हवी कधी. मग आतली मंडळी प्लास्टर ओतायची, दात बसवायची, घासायची. बारा वर्षांत तिच्या हातून एक दात इकडचा तिकडे झाला नव्हता. बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि घरात त्यांना उठवायला-बसवायला तिच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा मालकांनी मोठ्या मनाने (हे ‘मोठ्या मनाने’ त्यांनी स्वतःच चार वेळा सांगितलं) तिला तीन महिने घरून काम करू दिलं. अट एकच. "ज्या दिवशी काम अडलं, त्या दिवशी खुर्ची दुसऱ्याला. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही, ताई."

आणि आज काम अडलं होतं.

तिने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे मालकांच्या बायकोचा भाऊ. कारखान्यातलं कॉम्प्युटरचं सगळं तो बघायचा. बघायचा म्हणजे नुसतं बघायचाच. त्याआधी तो मोबाइलची कव्हरं विकायचा, आणि तेवढ्या शिदोरीवर मालकांनी त्याला सर्व्हर सोपवला होता. सर्व्हर आला तेव्हा गड्याने छाती काढून सांगितलं होतं, "बाहेरून आत यायचे परवाने-बिरवाने भोळ्या लोकांसाठी असतात, भावजी. आपलं बघा, फुकटात चाललंय!"

"ते फुकट एकशेवीस दिवसच असतं, ताई," मेहुणा आता म्हणाला. "काल संपले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? रोज सकाळी सर्व्हरच सांगायचा की. इतके दिवस राहिले, इतके राहिले."

"मग?"

"मग काय, कोपऱ्यात फुली असते ना? ती दाबायची. रोज दाबली. एक दिवस चुकवला नाही."

ताईने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला. बाकीच्यांचं काय म्हणून विचारलं, तर बाकीचेही बाहेरच होते. अकरा माणसं सर्व्हरवर काम करायची, त्यातलं एकही आत जात नव्हतं. "पण काळजी नको," मेहुणा म्हणाला. "दोन जागा सापडल्यात."

सर्व्हरच्या देखभालीसाठी दोन माणसांना तसंच आत सोडायची सोय असते. मेहुण्याला ती सापडली आणि त्याला वाटलं, आपण गुप्तधन उकरलं. अकरा माणसं त्या दोन दारांवर तुटून पडली. तिसरा आला की आधीच्यातला एक बाहेर फेकला जायचा, अर्धी कवळी हातात घेऊन. दुपारपर्यंत प्लास्टरवाले काका आणि घासकामवाल्या बाईंचं असं जुंपलं, की काकांनी त्यांच्या अंगावर ओला साचा उगारला.

तेव्हा मालक केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी तोडगा काढला. मालकांचा तोडगा म्हणजे आगीत तेल, वर पुन्हा फुंकणी. फळीवर नमुन्याचे दोन प्लास्टरचे जबडे होते, एक वरचा, एक खालचा. मालकांनी ते उचलले आणि भिंतीवर नोटीस लावली: ‘जबडा हातात असल्याशिवाय सर्व्हरला हात लावू नये.’ जबडे दोन, जागा दोन. ज्याच्या हातात जबडा, तो आत. काम झालं की पुढच्याला द्यायचा.

"आणि मी?" ताईने फोनवर विचारलं. "मी घरी आहे."

"मग जबडा घरी पाठवू," मालक म्हणाले.

"अहो, नुसतं फोनवर सांगा ना, की आता तुमची पाळी."

"तुम्हाला वेगळा नियम आणि त्यांना वेगळा? उद्या बाकीचे मला काय म्हणतील?"

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी साडेदहाला पार्सलवाला ताईच्या दारात उभा. खोक्यात, भुशात गुंडाळलेला, खालचा जबडा. सही घेतली. एक तास काम, मग तोच माणूस परत न्यायला हजर. जायला-यायला दीड तास. तेवढा वेळ तो जबडा कोणाच्याच हातात नसायचा, म्हणून ती जागा रिकामी, आणि कारखान्यातले दहाजण वरच्या जबड्याभोवती रांग लावून.

"हे काय आलं गं?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

"ऑफिसची किल्ली," ताई म्हणाली.

बाबांनी जबडा हातात घेऊन उलटापालटा केला. "तुझ्या मालकाचं डोकं आहे का हे? पोकळ लागतंय."

तिसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. खोकी बांधणाऱ्याने वरचा जबडा रोजच्या मालाबरोबर एका डॉक्टरकडे रवाना केला. डॉक्टरांनी विश्वासाने तो एका आजोबांच्या तोंडात बसवायचा प्रयत्न केला. आजोबांनी सहन केलं तेवढं केलं, मग डॉक्टरांचं बोट चावलं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मालक कळवळून म्हणाले, "बोटाचं बघू हो, जबडा आधी परत पाठवा, माझं अर्धं ऑफिस बंद आहे!"

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं, "ताई, राग मानू नका. तुमच्या घरी जबडा येण्या-जाण्यात कारखान्याचा वेळ जातोय. सोमवारपासून स्वतः या, नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं ते बोलले नाहीत. ताईला ते ऐकायची गरजही नव्हती. सोमवारपासून जायचं तर बाबांना दिवसभर कोण उठवणार? आणि नाही गेली तर दोघं खाणार काय?

तिने हात-पाय गाळून बसण्याऐवजी, सर्व्हर ज्यांच्याकडून घेतला त्या दुकानाचा नंबर बिलावरून काढला. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. एकशेवीस दिवसांत मेहुण्याला जे कळलं नव्हतं ते.

"परवाना दोन तऱ्हेचा असतो," बाई म्हणाल्या. "एक माणसावर. तो माणूस घरून येवो, ऑफिसातून येवो, कुठल्याही कॉम्प्युटरवरून आत येऊ शकतो. दुसरा कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरपुढे पाळीपाळीने कितीही माणसं बसोत, परवाना एकच. तुमच्याकडे माणसं जास्त की कॉम्प्युटर?"

"माणसं अकरा. कॉम्प्युटर..." ताईने बोटांवर मोजलं. आत कामाला तीन, त्यावर दोन पाळ्या. पॅकिंगला एक, केबिनमध्ये एक, विक्रीवाल्याचा लॅपटॉप, आणि तिचा घरचा. "सात."

"मग झालंच. कॉम्प्युटरवरचे सात घ्या. आणि त्या देखभालीच्या दोन जागांवरून रोजचं काम करू नका, ते चालत नाही."

"बाई, आमच्याकडे त्या जागांवर जबडे बसतात."

मग बाई म्हणाल्या, "मी पुढचं विचारत नाही."

ताईने सगळं एका कागदावर सुटसुटीत लिहिलं, फोटो काढला, मालकांना पाठवला. मालकांचा फोन आला तो भडकूनच.

"कॉम्प्युटरला परवाना? आणि माणसांना नाही? ताई, माझ्या कारखान्यात माणसाला मान आहे! मी यंत्राला मान देऊन माणसाला बाहेर उभं करणार नाही."

"मालक, हा मानाचा प्रश्न नाही, मोजायचा प्रश्न आहे."

"मी माणसांवरचेच घेणार. पाच घेतो."

"पाच कोणाला?"

"ते सेवाज्येष्ठता बघून ठरवू."

ज्येष्ठता बघितली गेली. पहिला परवाना मालकांना. दुसरा मालकीणबाईंना, ज्या कारखान्यात वर्षातून एकदा यायच्या आणि आरसा बघून परत जायच्या. तिसरा मालकांच्या वडिलांना, जे हयात होते एवढंच त्यांचं क्वालिफिकेशन. चौथा मेहुण्याला. पाचवा मालकांच्या थोरल्या भावाला, तो रुसू नये म्हणून. पाचही परवाने छापून, चौकटीत घालून भिंतीवर लागले. मेहुण्याने सर्व्हरवर पाच नावं ठेवली, बाकीची सगळी पुसली, आणि जबडे पुन्हा फळीवर गेले. ज्या अकरा माणसांना सर्व्हर लागत होता, त्यांतल्या कोणाला परवाना नव्हता. ज्या पाचांना होता, त्यांच्यातल्या चौघांना माउस कुठल्या हातात धरायचा हेही सांगावं लागलं असतं.

सोमवारी ताई गेली नाही. फोन उशाशी ठेवून, काढलं तर काढलं, असं म्हणून बसली.

तिकडे कारखान्यात परवानेधारकांना काम करणं भाग पडलं. करणार दुसरं कोण? थोरले भाऊ आलेच नाहीत. मालकांचे वडील आले, पण त्यांना बसायला गादी हवी होती. मालकीणबाईंनी फोनवर "वेडबिड लागलंय का तुम्हाला?" एवढं विचारून ठेवून दिला. राहिले मालक आणि मेहुणा. दोघं दोन कॉम्प्युटरवर, आणि पाठीमागे दहाजण उभे, "तिथे नाही हो, त्याच्या खाली," "अहो, पुसलंत ना!" असं ओरडत. दुपारी चारपर्यंत एकच ऑर्डर चढली. मेहुण्याने ती एकट्याने चढवली होती: खालची कवळी, दात बावीस.

"बावीस?" प्लास्टरवाले काका म्हणाले. "कोणासाठी आहे, मगरीसाठी?"

"डॉक्टरने भरगच्च म्हटलंय," मेहुणा म्हणाला.

"गच्च बसणारी म्हटलंय रे, मालकाच्या मेहुण्या!" काका ओरडले. मालक तिथेच खुर्चीत होते, पण त्यांना चिडायचंही त्राण नव्हतं.

साडेचारला ताईचा फोन वाजला.

"ताई," मालक म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "एकोणतीस डॉक्टर खोळंबलेत. तुम्ही जरा..."

"मला परवाना नाही, मालक."

"माझ्या नावाने घुसा ना."

"नाही घुसणार. उद्या काही चुकलं तर तुमचं नाव नाही, माझी खुर्ची जाईल." ती स्वतःच्याच आवाजाने दचकली, पण थांबली नाही. "कॉम्प्युटरवरचे सात घ्या. दुकानातल्या बाईंशी बोलले आहे मी. तुमचे पाच बदलून मिळतात, वर दोन घ्यायचे. सातवा माझ्या घरच्या कॉम्प्युटरला. आणि तीन महिने मी घरून काम करणार, हे सहीनिशी लिहून द्या. आजच."

"सहीनिशी? माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"शब्दावर आहे. शुक्रवारी तुम्ही ‘नाहीतर’ म्हणाला होता, तो पण शब्दच होता."

मागून काकांचा आवाज आला, "हो म्हणा हो, मालक, पाया पडतो!"

"मी नाहीतरी तेच म्हणत होतो," मालक शेवटी म्हणाले. "सुरुवातीपासून. तुम्ही लोकांनीच गोंधळ घातलात. पण भिंतीवरच्या चौकटी मी काढणार नाही, सांगून ठेवतो."

"त्या असू देत. शोभतात."

सहीचा कागद सहाला आला, परवाने दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि पुसलेली नावंही परत चढली. ताईने पासवर्ड टाकला. पडदा उघडला. एकोणतीस ऑर्डरी चढवायच्या, आणि चढलेली एकच: मगरीची कवळी. तिने बावीस खोडून चौदा केले.

"ए, ऐकतेस का?" आतून बाबा म्हणाले. "मला बसवतेस? पण तुझं काम असेल तर राहू दे."

"काम आहे," ताई उठत म्हणाली. "दहा मिनिटं थांबेल ते." आणि बाबांच्या काखेत हात घालून तिने त्यांना हळूच, पाय खाली सोडत, पलंगाच्या कडेला आणलं.